जाताना नऊ, येताना आठ

मुलांनो, पिंपळवंडीहून नारायणगावास सायकलीने जाताना वारा समोरून आला, तर पाय भरून येतात. परतताना तोच वारा पाठीशी असला, तर सायकल भरभर धावते. अंतर तेवढेच, पण वेळ निराळा!

विमानाचेही असेच होते. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हा या मार्गाने लंडनला निघाले. आज विमाने वाटेत न उतरता तेथे पोहोचतात. मुंबई व लंडन यांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. भूमीपासून सुमारे १० किलोमीटर उंचीवर या मार्गात बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. समजा, विमानाचा वेग ताशी ८५० किलोमीटर व वाऱ्याचा ५० किलोमीटर आहे. पश्चिमेस जाताना विमानाचा वेग ८०० उरेल. ९ तास लागतील. परतताना तो ९०० होईल. ८ तास पुरतील.

म्हणूनच वैमानिक केवळ अंतर पाहून निघत नाही. वाऱ्याचा अंदाज घेऊन तो पुरेसे इंधन बरोबर घेतो व थोडे अधिकही ठेवतो. सायकलस्वार दमला, तर झाडाखाली विसावेल. विमानाला आकाशात विसावा कोठला?