हाताचा अंदाज आणि टॉर्क रेंच

इंजिन चालू ठेवून बॉनेटखाली वाकलो, तर पुढची पुली डोलत होती. रिम वाकलेलं सायकलचं चाक जसं फिरतं, तशी ती फिरताना किंचित बाहेर यायची आणि आत जायची. पंधरा दिवस गाडी ओढत नव्हती, सिग्नलला उभी राहिली की थरथरायची. मी प्लग बदलले, प्लगच्या वायरी बदलल्या, हवेचा फिल्टर बदलला. दोष तिथे नव्हताच. तो होता पाच महिन्यांपूर्वी मी स्वतः आवळलेल्या एका बोल्टमध्ये.

गाडी १९९० सालची, माझदा मियाटा. जपानात ती युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. हिरोशिमात बनलेली, दोन माणसांची, उघड्या टपाची. १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. १६०० सीसीचं इंजिन, ११६ अश्वशक्ती, वजन जेमतेम हजार किलो. हा प्रकल्प सांभाळणारे तोशिहिको हिराई यांनी आपल्या माणसांसमोर ‘जिंबा इत्ताई’ हे सूत्र ठेवलं होतं, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. गाडी चालवली की त्या शब्दांचा अर्थ मनगटाला कळतो. न्यू जर्सीत स्वतःचं घर झालं, घराला गॅरेज मिळालं, तेव्हा मी ती सेकंडहँड घेतली. घरीच दुरुस्त करायची आणि मनासारखी सजवायची, हे आधीच ठरलेलं होतं.

मी कोल्हापूरचा. वडिलांचा, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, शिवाजी उद्यमनगरात लेथ होता. लहानपणापासून मी त्यांना नट आवळताना पाहिलं. पाना फिरवता फिरवता एका क्षणी ते थांबायचे आणि म्हणायचे, “बास.” तो नट परत कधी ढिला झालेला मला आठवत नाही. हाताला कळतं, ही श्रद्धा मी तिथून उचलली आणि इथवर घेऊन आलो.

पहिली चूक झाली ती क्रमाची. गाडी आल्यावर मी आधी अलॉय चाकं घेतली, गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगा घेतल्या, भारदस्त आवाजाचा सायलेन्सर घेतला. टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला होता, हे मला माहीत नव्हतं आणि ते शोधायची घाईही नव्हती. हा बेल्ट ६०,००० मैलांना बदलायचा असतो. पुढे तेल झिरपायला लागलं, म्हणून पुढचं ऑइल सील बदलायचं ठरवलं. तिथवर पोचायला बेल्ट काढावाच लागतो, मग बेल्ट आणि पाण्याचा पंपही नवा टाकला.

ते काम मी मन लावून केलं. दोन्ही कॅमशाफ्टच्या खुणा जुळवल्या, खुणांच्या मध्ये बेल्टचे १९ दात मोजले, इंजिन हाताने दोन फेरे फिरवून पुन्हा पडताळलं. राहिला होता क्रँकशाफ्टच्या टोकाचा मोठा बोल्ट. माझ्याकडे टॉर्क रेंच होता, पण तो छोट्या बोल्टांचा. मोठा आणायचा तर दुसऱ्या दिवशी दुकान उघडायची वाट पाहावी लागणार होती. रविवारची संध्याकाळ, दुसऱ्या दिवशी ऑफिस. गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकून बायको ब्रेक दाबून बसली होती. जुनाच बोल्ट घेतला, लांब दांडा लावला, आवळला आणि म्हणालो, “बास.”

त्या बोल्टचं काम काय असतं, हे मी नंतर समजून घेतलं. क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाला, ज्याला नाक म्हणतात, टायमिंगचं दातेरी चाक बसतं. चाक आणि शाफ्ट यांच्या खाचांत एक छोटी चावी असते. चावी दिसली की वाटतं, चाक तिनेच धरून ठेवलंय. तसं नसतं. ती चाक योग्य जागी बसवते. इंजिनाचे धक्के सोसते ती बोल्टने दिलेली घट्ट पकड. पकड कमी पडली की सगळा मार चावीवर येतो. ती खाचेत हलू लागते, खाच रुंद होते, चाक डोलतं आणि व्हॉल्व्हच्या उघडझापीची वेळ बिघडते. १९९१च्या मध्यापर्यंतच्या मियाटांत हे नाक आखूड होतं, म्हणून तिथे या चुकीला माफी फार थोडी. पुढे कंपनीने ते लांब केलं.

मी बोल्ट खोलायला गेलो, तर तो सहज फिरला. चाकामागून लालसर भुकटी पांढऱ्या फडक्यावर पडली. लोखंडावर लोखंड घासलं की अशी भुकटी पडते. चावीच्या कडा चावल्यासारख्या झाल्या होत्या आणि खाच इतकी रुंद की नवी चावी तिच्यात खुळखुळली. नुकसान थोडं असेल तर काही जण खाच स्वच्छ करून नवी चावी आणि धातूला धातू धरून ठेवणारं औद्योगिक चिकटद्रव्य वापरून नाक वाचवतात. माझं त्यापलीकडे गेलं होतं. लांब नाकाचं जुनं इंजिन शोधून बसवावं लागलं. त्यात दोन महिने गेले आणि पंधराशे डॉलर. या इंजिनात बेल्ट तुटला तरी पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळत नाहीत, म्हणून निदान बाकीचं धड राहिलं. पुष्कळ इंजिनांत ही सवलत नसते.

हे सगळं आण्णांना फोनवर सांगितलं. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, “अरं, हात सांगतो ते रोजच्या कामाचं. तोच नट वीस वर्षं आवळल्यावर हाताला कळतंय. नव्या कामाला माप लागतंय. म्हणून तर मायक्रोमीटर जपून ठेवलाय न्हवं?” आणि मला ती लाकडी पेटी आठवली, आत हिरवं कापड, त्यात तेल पुसून ठेवलेला मायक्रोमीटर. प्रत्येक नव्या जॉबला ते आधी ती पेटी उघडत. ते “बास” मी ऐकत आलो, पेटीकडे मात्र लक्ष दिलं नाही.

म्हणून जुनी गाडी घरी खोलणाऱ्यांना, मग ती मियाटा असो की पुण्यातल्या पार्किंगमधली राजदूत ३५०, माझं कळकळीचं सांगणं आहे.

कंपनीचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवल्याशिवाय पाना हातात घेऊ नका, आणि ते तुमच्याच वर्षाचं असू द्या. आखूड नाकाच्या मियाटाला हा बोल्ट १०८ ते ११८ न्यूटन-मीटर आवळायचा असतो, लांब नाकाच्या मियाटाला १५७ ते १६७. पुलीच्या मध्यभागी दिसणाऱ्या खाचा मोजा. चार असतील तर नाक आखूड, आठ असतील तर लांब. बोल्ट नवा घ्या. दोन्ही मापांचे टॉर्क रेंच आधी आणा आणि मगच काम सुरू करा. एखादं हत्यार नसेल तर काम थांबवा. गाडी आठवडाभर उघडी पडली तरी तिचं काही बिघडत नाही.

मॉडिफिकेशनच्या आधी गाडी कारखान्यातून निघाली होती तशी करा. ब्रेक, टायर, बेल्ट, कूलंटचे होस, सस्पेन्शनची रबरं, याच क्रमाने. माझ्या त्या आखूड स्प्रिंगा जुन्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरवर बसल्या आणि प्रत्येक खड्ड्याला गाडी थेट रबरी स्टॉपरवर आदळू लागली. हिराईंच्या माणसांनी साधलेला तोल मी एका दुपारी घालवला होता. बदल करावेतच, पण मूळ गाडी नीट असताना कशी चालते, हे आधी अंगात मुरू द्यावं. बदलाने काय कमावलं आणि काय गमावलं, ते त्याशिवाय कळत नाही.

गंज लपून बसतो. मियाटाच्या टपावरचं पाणी सीटमागच्या दोन नळ्यांतून खाली जातं. त्या पाल्याने तुंबल्या की पाणी दाराखालच्या पत्र्यात साचतं आणि तो आतून सडतो. दर हंगामात नळीत पेलाभर पाणी ओता. ते मागच्या चाकाच्या पुढे जमिनीवर ठिबकलं पाहिजे.

आणि जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. गाडी स्टँडवर टेकवा, चाकांना ठोकळे लावा, हाताने जोरात हलवून पाहा आणि मगच खाली सरका. इंजिन दुसरं मिळतं.

आता प्रत्येक महत्त्वाचा बोल्ट मापाने आवळला की मी त्याच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढतो आणि वहीत तारीख, मैल आणि टॉर्क लिहितो. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. हिवाळा संपून रस्त्यांवरचं मीठ धुऊन गेलं की पहिल्या कोरड्या रविवारी मी बॉनेट उघडतो आणि बॅटरी घेऊन क्रँकच्या बोल्टपाशी वाकतो. रेघ सलग असेल तरच किल्ली फिरवतो.