तारकर्लीच्या खोलीचा हिशेब, यवतमाळातून

आमच्याकडे भरलेलं पाणी पाहायचं तर बेंबळा नाहीतर अरुणावतीचं धरण. समुद्रासाठी अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो. म्हणून यवतमाळकराने आधी गाडीचं विचारावं, मग खोलीचं.

यष्टीने वर्धा किंवा बडनेरा गाठायचं (बायकांना अर्धं तिकीट) आणि नागपूर-मडगाव विशेष गाडीने कुडाळला उतरायचं. ही गाडी आठवड्यातून दोनदाच असते आणि मुदतवाढीवर चालते, तेव्हा तारखा ठरवण्याआधी ती सुरू आहे ना ते बघा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. विशेष गाडी म्हणून भाडं जरा चढं. स्लीपरला माणशी एका बाजूचे सातशेच्या आसपास धरा. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ घेतला की पूर्ण तिकीट पडतं. कुडाळहून मालवणला यष्टी आहे. सामान जास्त असेल तर रिक्षा. भाडं मात्र बसण्याआधी ठरवा.

आता खोली. मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात 'घरगुती निवास व भोजन' अशा पाट्या दर चार घरांआड दिसतात. पुढे अंगण, मागे माड, बाजूला दोन-चार खोल्या. बिगर-एसी खोली आडदिवशी हजार ते दीड हजारात मिळते, एसी दोन-अडीच हजारांपर्यंत. दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा आणि मे महिन्यात हेच दर दुपटीला जातात. कापूस घरात आल्यावर, जानेवारीत, सोमवार ते गुरुवार जा. तेव्हा एसीही लागत नाही. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत खोली स्वस्त असते खरी, पण सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी आणि स्कूबा बंद असतात.

फोनवर दर विचाराल तेव्हा दर खोलीचा की माणशी, गादीचे वेगळे किती, गरम पाणी किती वाजेपर्यंत आणि खोली कधी सोडायची, हे सगळं विचारून घ्या. किनारा किती दूर हे मिनिटांत नको, किलोमीटरमध्ये विचारा. 'पाच मिनिटं' म्हणजे त्यांची मोटरसायकलवरची पाच मिनिटं असतात. ठरलेलं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या.

हे शहाणपण मी पैसे मोजून घेतलं आहे. एका ठिकाणी बाराशेची खोली ठरली. भिंतीवर एसी होता, आम्ही खूश. निघताना बिलात 'रिमोटचे ४००' आणि दोन गाद्यांचे ६००. रिमोट मागितला ती एसी खोली, नाही मागितला ती साधी, असा तिथला कायदा होता.

जीएसटीचंही लक्षात ठेवा. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के कर आहे. पण वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या मालकाला नोंदणीच लागत नाही, आणि नोंदणी नसलेल्याला तो गिऱ्हाइकाकडून घेता येत नाही. बिलावर नोंदणी क्रमांक नसेल तर 'टॅक्स' कशाचा, ते विचारा. तीच खोली अ‍ॅपवरून घेतली तर मात्र कर अ‍ॅपवाल्याला भरावा लागतो, म्हणजे तो तुमच्याच रकमेत येतो. म्हणून अ‍ॅपवर बघा, पण बोलणी थेट मालकाशी करा.

खरा खर्च जेवणाचा. शाकाहारी थाळी दीड-दोनशे, बांगड्याची दोनशे-अडीचशे, सुरमईची साडेतीनशेच्या पुढे. सुरमईचा दर तुकडीच्या आकारावर आणि त्या दिवशीच्या बाजारावर चढतो-उतरतो, तेव्हा ताट येण्याआधी विचारलेलं बरं. घरच्या काकू रात्रीच विचारतात, "उद्या बांगडो चलात?" तेव्हाच हो म्हणा. आयत्या वेळी मागितलं की महागातलं तेवढं उरलेलं असतं. आपल्या वऱ्हाडी तोंडाला नारळाचं सार सपक वाटेल. ठेच्याची बरणी घरूनच न्या.

चौघांच्या तीन रात्रींचा हिशेब असा: रेल्वे ५,६००, यष्टी-रिक्षा १,५००, खोली ४,५००, जेवण-नाश्ता ७,०००, होडी आणि फिरणं २,०००. एकूण २०,६००. खोली पाव हिश्शाहूनही कमी! म्हणून खोलीमागे दोनशे रुपये घासाघीस करून किनाऱ्यापासून दोन किलोमीटर आत राहण्यात राम नाही. ते दोनशे रिक्षावालाच नेतो. त्यापेक्षा दोन रात्री वाढवा. खोली आणि जेवणाचे साडेसात-आठ हजार वाढतात, पण गाडीभाडं तेवढंच राहतं आणि रोजचा खर्च सहा हजार नऊशेवरून साडेपाच-सहा हजारांवर येतो.

आगाऊ रक्कम एका रात्रीच्या भाड्याहून जास्त देऊ नका. रद्द केल्यास किती परत, तेही त्याच व्हॉट्सअ‍ॅपवर घ्या. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बिल आणि तो संदेश हाताशी ठेवूनच फोन लावा. आणि पोरांचे जुने कपडे न्या. ती वाळू बॅगेच्या शिवणीतून होळीपर्यंत निघत राहते.