झारी आपली, वाढ देवाची

वाचन: करिंथकरांस पहिले पत्र 3:5-9



शंभर वर्षांपूर्वी युरोपात एक प्रकारची पोस्टकार्डे घरोघरी जात असत. हातात झारी घेतलेले लहान मूल, पुढे फुलझाडे आणि कोपऱ्यात वाढदिवसाच्या शुभेच्छा. चित्र गोड असे. पण त्यातली बाग पुष्कळदा फोटो स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यावरची असे. तिला पाणी मिळाले नाही तरी ती सुकत नसे.

आपल्या वऱ्हाडातले अंगण तसे नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांपर्यंत चढतो, तेव्हा दोन दिवस पाणी चुकले की कुंडीतला मोगरा माना टाकतो. आपल्या मुलांची श्रद्धा अशाच अंगणातली आहे. आठवड्यातून एकदा, रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मिळालेल्या पाण्यावर ती टिकेल का?

संत पौल काय शिकवतात?

करिंथच्या ख्रिस्तसभेत गट पडले होते. कोणी म्हणे आम्ही पौलाचे, कोणी म्हणे अपुल्लोसचे. संत पौल त्यांना समजावतात की आपण लावणी केली, अपुल्लोसने पाणी घातले, पण वाढ देवाने दिली. आपल्याकडेही लावणी झाली आहे. संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या मिशनरी संघाच्या धर्मगुरूंनी नागपूर धर्मप्रांतात कष्ट केले. त्यातूनच 1955 साली अमरावती धर्मप्रांत वेगळा झाला. मुलांच्या स्नानसंस्काराच्या दिवशी आपण स्वतः झारी हाती घेतली. आता पाणी घालण्याची पाळी आपली आहे.

एका वडिलांचे उदाहरण

बाळ येशूची संत तेरेजा चार वर्षांची असताना तिची आई वारली. वडिलांनी आणि मोठ्या बहिणींनी तिला वाढवले. 1887 साली, चौदाव्या वर्षी, तिने मठात जाण्याची इच्छा वडिलांना सांगितली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, पण ते रागावले नाहीत. बागेच्या भिंतीवरचे एक लहान पांढरे फूल त्यांनी तोडून तिला दिले आणि देवाने ते किती काळजीने उगवले व जपले ते सांगितले. फूल मुळासकट हाती आले होते. तेरेजाने ते आयुष्यभर जपले. या वडिलांनी मोठे प्रवचन केले नाही, घरच्या अंगणातच देवाची गोष्ट सांगितली. त्यांच्या मुलीला पुढे, 1927 साली, ख्रिस्तसभेने मिशनकार्याची आश्रयदाती म्हणून घोषित केले.

पाणी कोणते?

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आपल्याला ठाऊक आहे. तिथल्या विहिरीचे खारे पाणी रोज झाडाला घातले तर पाणी उडून जाते, क्षार मातीत साचतो, जमीन कडक होते. पाणी मिळूनही झाड सुकते. घरातल्या बोलण्याचेही तसेच आहे. मिस्साहून परतताना शेजाऱ्यांची उणीदुणी, जेवताना फादरांवर टीका, भावाभावांतला अबोला, हे सगळे मुलांच्या मुळाशी साचते. मग आपण विचारतो, मुले चर्चमध्ये का येत नाहीत?

ज्या घरी नळाला रोज पाणी येत नाही, तिथेही तांदूळ धुतलेले पाणी झाडाला घातले जाते. वेळेचेही तसेच करता येईल. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे एकत्र जपमाळेचे एक दशक, तेवढे पुरे.

काही आईवडिलांनी हे सारे केले, तरी शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला गेलेली त्यांची मुले आज मिस्सा चुकवतात. त्यांनी स्वतःला दोष देत बसू नये. वाढ आपल्या हाती नाही, हेच तर संत पौल सांगतात. मुळाला कधी ओल लागेल ते देव जाणतो. आपण प्रार्थना थांबवू नये.

घरी चर्चा करा

1. आपल्या श्रद्धेला लहानपणी कोणी पाणी घातले?
2. आपल्या घरात कोणते बोलणे खाऱ्या पाण्यासारखे आहे?

या आठवड्याचा संकल्प: रोज संध्याकाळी मुलाच्या हाती झारी द्यावी, झाडाला पाणी घालावे आणि तिथेच उभे राहून एक 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणावे.

प्रार्थना: हे प्रभो, तू आम्हाला लहान रोपे सांभाळायला दिली आहेस. आमचे शब्द गोड्या पाण्यासारखे कर. पाणी घालण्याचा आम्हाला कंटाळा येऊ देऊ नकोस आणि वाढ तुझ्यावर सोपवण्याचे धैर्य दे. आमेन.