चिकटवही

घरी आलेले वर्तमानपत्र सकाळी मानाने वाचले जाते, दुपारी त्याची घडी विस्कटते आणि दुसऱ्या दिवशी ते रद्दीच्या गठ्ठ्यात जाऊन पडते. यात कोणाचा दोष नाही. सगळाच कागद जपून ठेवणे कोणासही शक्य नाही. परंतु त्या गठ्ठ्यातील एखादा लहानसा तुकडा मात्र जपण्याजोगा असतो. तो ओळखून, कापून, वहीत नीटनेटका लावून ठेवणे, हाच चिकटवहीचा छंद होय.

हा छंद वरवर पाहता पोरखेळ वाटेल. परंतु कोल्हापूरच्या इतिहासातील एक उदाहरण पाहिले म्हणजे त्याचे मोल ध्यानात येईल. बाबूराव पेंटर यांनी १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट कोल्हापुरात तयार केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने पुढेही अनेक मूकपट काढले. त्या काळी चित्रपटाची फीत नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेई आणि पेटली नाही तरी कालांतराने कुजून जाई. यामुळे आणि हयगयीमुळे भारतातील बहुतेक मूकपट आज पाहावयास मिळत नाहीत. मग त्यांची कथा काय होती, त्यांत कामे कोणी केली, हे अभ्यासकांना कसे कळते? जुन्या जाहिराती, भित्तिपत्रके, कथासाराच्या पुस्तिका आणि वर्तमानपत्रांतील मजकूर यांवरून! बाबूरावांनी १९२४ च्या ‘कल्याण खजिना’ या चित्रपटासाठी केलेले भित्तिपत्रक आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय भित्तिपत्रकांत गणले जाते. यंत्राने टिपलेली चित्रे लोपली. कोणी तरी जपलेला कागद तेवढा मागे उरला.

चिकटवही सुरू करताना पहिली गोष्ट म्हणजे विषय निवडणे. दिसेल ते चित्र आणि मिळेल ती बातमी चिकटवली, तर वही फुगते; परंतु तिच्यातून बोध काहीच होत नाही. विषय एकच असावा आणि तो आपल्या आवडीचा असावा. कोल्हापूरच्या विद्यार्थ्यास विषयांची वाण कोठून असणार? रंकाळ्यावरील पक्षी, पंचगंगेचे पूर, खासबागेतील कुस्त्या, गावोगावचे खेळाडू, असे कितीतरी विषय त्याच्या अंगणातच उभे आहेत.

समजा, एखाद्याने खेळाडूंचा विषय घेतला. राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी असलेले मल्ल खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. पुढे २०२४ साली राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक पटकावले. या दोन घटनांमध्ये बहात्तर वर्षांचे अंतर आहे. कोणत्याही एका दिवसाच्या वर्तमानपत्रात त्या शेजारी शेजारी सापडावयाच्या नाहीत. चिकटवहीच्या समोरासमोरील पानांवर मात्र त्या एकत्र येतात. सुटे मणी एका दोऱ्यात ओवले म्हणजे माळ होते, तसेच हे आहे.

दुसरी गोष्ट पहिलीपेक्षाही महत्त्वाची. प्रत्येक कात्रणाखाली वर्तमानपत्राचे नाव, दिनांक व पृष्ठांक शाईने लिहिलाच पाहिजे. नाव-गाव नसलेल्या पत्राचे उत्तर कोणास पाठवावयाचे? दिनांक नसलेल्या कात्रणाची गत तशीच होते. येथे एक सावधगिरी बाळगावी. बातमीचा दिनांक आणि घटनेचा दिनांक एकच असतो असे नाही. कुसाळे यांना पदक मिळाले १ ऑगस्ट २०२४ रोजी. सकाळच्या वर्तमानपत्रांत ती बातमी आली दुसऱ्या दिवशी. म्हणून दोन्ही दिनांक लिहावेत. एकच घटना दोन पत्रांनी निरनिराळी सांगितली असेल, तर दोन्ही कात्रणे लावावीत. त्यांतील फरक पाहता पाहता सत्य पारखण्याची सवय लागते.

आता हाताचे काम. कात्री चालवण्यापूर्वी घरातील सर्वांचे वाचन झाले आहे ना, हे विचारावे आणि कागदाची मागची बाजूही पाहून घ्यावी. खळ पातळ असावी व ती कडांनाच लावावी. पारदर्शक चिकटपट्टी वापरू नये. तिचे डाग पडतात. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असल्याने उजेडाने व हवेने पिवळा पडून ठिसूळ होतो, म्हणून वही उन्हापासून व ओलीपासून दूर ठेवावी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी कोल्हापुरातील अनेक घरांत शिरले. ते स्मरून वहीची जागा उंच फळीवर असावी आणि महत्त्वाच्या पानांची छायाचित्रेही काढून ठेवावीत.

प्रख्यात अमेरिकन लेखक मार्क ट्वेन यांना हा छंद इतका प्रिय होता, की त्यांनी १८७३ साली आधीच डिंक लावलेल्या पानांच्या चिकटवहीचे पेटंट घेतले. पान ओले करावे आणि कात्रण दाबावे, की काम झाले! परंतु एवढ्या सोयीचीही गरज नाही. एक कोरी वही, कात्री, वाटीभर खळ आणि चौकस दृष्टी एवढे भांडवल पुरे.

जुना अंक हवा असेल, तर १८५० साली स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयात जावे व मजकूर आपल्या हाताने उतरवून घ्यावा. तेथील अंकास कात्री लावणे ही मात्र चोरी होय. कारण तो कागद पुढे येणाऱ्या वाचकांचाही आहे. आपल्या वहीत एक पान वाढावे म्हणून सर्वांच्या ठेव्यातील एक पान कमी करणे कोणत्याही छंदास शोभत नाही.

आजची बातमी हीच उद्याच्या इतिहासाची सामग्री असते. तिच्यातील काय टिकावयाचे, हे पुष्कळदा मोठी माणसे ठरवीत नाहीत. रद्दीवाल्याची हाक येण्यापूर्वी ज्याने कात्री उचलली, तोच ते ठरवतो.

स्वाध्याय
१. मूकपटांची माहिती अभ्यासकांना कशावरून मिळते?
२. कात्रणाखाली दोन दिनांक का लिहावेत?
३. ग्रंथालयातील अंक कापणे अयोग्य का आहे?
४. आपल्या गावाविषयीचा एक विषय निवडा व महिनाभर त्याची चिकटवही तयार करा.