घरच्या गाण्यासाठी मल्टिट्रॅक रेकॉर्डर कसा निवडावा?



मुलांच्या कविता, समूहगीतं, पेटीचा रियाज, आजीच्या ओव्या हे सगळं आपण मोबाईलवर टिपतो. पण ऐकताना तबला मोठा वाटतो आणि मुलीचा आवाज दबलेला. मग कुणीतरी सांगतं, "मल्टिट्रॅक रेकॉर्डर घ्या." वस्तू स्वस्त नाही, म्हणून घेण्याआधी ती नीट समजून घेऊ.

ट्रॅक म्हणजे काय?

आमटीत मीठ जास्त पडलं की ते काढता येत नाही. मोबाईलच्या साध्या रेकॉर्डिंगचं तसंच असतं, सगळे आवाज एकदाच एकत्र मिसळतात. मल्टिट्रॅकमध्ये प्रत्येक आवाजाची वाटी वेगळी. गाणं एका ट्रॅकवर, पेटी दुसऱ्यावर, तबला तिसऱ्यावर. प्रत्येकाचा आवाज नंतर कमी-जास्त करता येतो. एक चुकला तर तेवढाच पुन्हा घेता येतो.

घरी असं काम करण्याची सोय १९७९ साली टिॲक कंपनीच्या पोर्टास्टुडिओ १४४ या चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्राने आणली. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी 'नेब्रास्का' या १९८२च्या अल्बमची गाणी याच यंत्रावर घरी नमुना म्हणून ध्वनिमुद्रित केली होती. शेवटी तीच कॅसेट अल्बमसाठी वापरली गेली. आज कॅसेटच्या जागी मेमरी कार्ड आलं, तत्त्व मात्र तेच आहे.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न

खोक्यावर '८ ट्रॅक' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. आपण विचारायचं ते हे: एका वेळी किती ट्रॅक रेकॉर्ड होतात? टॅस्कॅमच्या डीपी-००८ईएक्सवर एकूण ८ ट्रॅक आहेत, पण एका वेळी २च भरता येतात. बाकीचे एकामागून एक, आधीचं हेडफोनवर ऐकत भरायचे. झूमच्या एच६वर एका वेळी ६ ट्रॅक घेता येतात.

कोणतं चांगलं? ते आपल्या गाण्यावर ठरतं.

१. एकटं मूल, एक पेटी, ठरलेली लय: केरव्यातलं बालगीत घ्या. आधी ठेका भरला, मग पेटी, मग गाणं. एका वेळी २ ट्रॅक पुरतात.

२. भजन, अभंग: इथे लय हळूहळू वाढत जाते. तबलजी गायकाकडे बघून वाजवतो, गायक ठेक्यावर झेपावतो. ही देवाणघेवाण एकेक थर चढवून येत नाही. सगळ्यांनी एकत्रच बसायला हवं. म्हणून एका वेळी निदान ४ ट्रॅक हवेत. मात्र एका खोलीत गाण्याच्या माइकमध्ये थोडा तबला येणारच. माइक ज्याच्या त्याच्या जवळ ठेवला की ते कमी होतं.

३. आजीच्या ओव्या: आजीला "पुन्हा म्हण" असं दहा वेळा सांगता येत नाही. तिचा आवाज एका ट्रॅकवर घेऊन ठेवा. सुरुवातीला पेटीचा एक स्वर दिला, तर नंतर नात दुसऱ्या ट्रॅकवर पेटीची साथ करू शकते. साथ जमली नाही तरी आजीचा मूळ ट्रॅक तसाच सुरक्षित राहतो. माझ्या मते या यंत्राचा घरातला सगळ्यात मोठा उपयोग हाच.

आणि फक्त एक आवाज व तानपुरा असेल, तर मोबाईल पुरतो. खर्च करू नका!

दुकानात तपासायच्या गोष्टी

- माइकची जोडणी: तीन पिनांची एक्सएलआर जोडणी आहे का? कंडेन्सर माइक वापरायचा तर ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते.
- बॅटरी: साध्या पेन्सिल सेलवर चालतं का? फँटम पॉवर चालू असली की सेल लवकर संपतात.
- बटणं: प्रत्येक ट्रॅकला स्वतंत्र बटण असेल तर पाचवीतलं मूलही हाताळू शकतं. सगळं मेनूत लपलेलं असेल तर मोठेही कंटाळतात.
- फाईल: वेव्ह प्रकारात साठवून संगणकावर घेता यायला हवी.

थोडं गणित

हे सातवी-आठवीच्या मुलांना जरूर द्या. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिट म्हणजे २ बाइट. एका मिनिटाला ४४,१०० × २ × ६० = ५२,९२,००० बाइट, म्हणजे सुमारे ५.३ एमबी. मग ८ ट्रॅकचं ५ मिनिटांचं गाणं सुमारे २१२ एमबी. ३२ जीबीच्या कार्डावर अशी साधारण दीडशे गाणी मावतील. म्हणजे जागेची फार काळजी नको.

घेतल्यावर काय कराल?

पंखा बंद करा. जमिनीवर सतरंजी, भिंतीला गोधडी लावा, खोलीतला घुमारा कमी होतो. सगळ्यात मोठ्या आवाजाला मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. लाल दिवा लागला की आवाज फाटतो आणि तो नंतर दुरुस्त होत नाही. दुसरा थर भरताना कान पूर्ण झाकणारा हेडफोन वापरा, नाहीतर आधीचा आवाज माइकमध्ये शिरतो. काम झालं की फाईल लगेच दोन ठिकाणी ठेवा.

उपक्रम: रेकॉर्डर घेण्याआधी घरात किंवा वर्गात एक कागद घ्या. कोण गाणार, कोण वाजवणार आणि त्यातले एकाच वेळी किती जण, हे मुलांकडून लिहून घ्या. शेवटी जो आकडा येईल, तेवढे ट्रॅक एका वेळी भरणारं यंत्र शोधा. त्याहून मोठ्या यंत्राचे पैसे वाचले, तर त्यात एक चांगला माइक घ्या.