मुंगळ्यांच्या राणीविषयी

चि. बाळ,

तुझे पत्र पावले. पावसाच्या तोंडाशी मुंगळ्यांची राणी हुडकून तिचा संसार काचेच्या नळीत वाढताना पाहावा, हा तुझा मनोदय मला अतिशय आवडला. आणि म्हणूनच या उद्योगास लागण्यापूर्वी हे निक्षून सांगतो की, राणी हाती लागणे हे बहुतांशी दैवाधीन असले, तरी हाती लागलेला जीव राणीच आहे आणि ती मुंगळ्यांचीच आहे याची खातरजमा करणे सर्वस्वी तुझ्या दृष्टीच्या अधीन आहे, आणि या दुसऱ्या गोष्टीत हयगय झाली तर पहिलीस काडीइतकेही मोल राहत नाही.

आपल्या अंगणात, झाडांच्या बुंध्यांशी आणि गुळाच्या ढेपेभोवती वावरणारा जो काळा मुंगळा, त्याचे शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशिअस याने १७८७ साली त्याचे वर्णन केले. याच प्रजातीतील उत्तर अमेरिकेतल्या मुंग्या ओलसर, कुजक्या लाकडात दालने कोरतात, सबब त्यांस सुतार मुंग्या म्हणतात, जरी त्या लाकूड खात नाहीत. आपला मुंगळा मात्र बहुधा झाडाच्या मुळाशी जमिनीतच घर करतो; तेव्हा परदेशी ग्रंथ वाचून ओंडके फोडीत बसू नकोस.

वळवाच्या सरींपासून मृगापर्यंत, पाऊस पडून गेल्यावर हवा दमट आणि निवांत असेल अशा संध्याकाळी, पंखधारी नर व राण्या वारुळातून बाहेर पडतात. मीलनानंतर नर लवकरच मरतात. राणी भूमीवर उतरून आपले पंख स्वतःच मोडून टाकते आणि आश्रयाच्या शोधात भिंतीच्या कडेने, दगडांच्या व कुंड्यांच्या खाली हिंडू लागते. दिव्याखालच्या भिंती त्या रात्री पाहाव्यात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अंगण. त्याच सुमारास वाळवीची पाखरेही उडतात, पण त्यांचे चारी पंख सारख्या लांबीचे, कंबर जाड आणि मिशा सरळ असतात. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांहून मोठे, कंबर बारीक आणि मिशांस कोपर असते. एवढे पाहिलेस म्हणजे पुरे.

खरी परीक्षा पुढेच आहे. आकारावर विसंबू नकोस. मुंगळ्यांच्या कामकऱ्यांत लहान, मध्यम व मोठे असे भेद असतात, आणि त्यांतील मोठा कामकरी आपल्या थोरल्या डोक्यामुळे नवख्यास राणीच भासतो; परंतु त्याची छाती डोक्याच्या मानाने अरुंद असते व बाजूने पाहता तिची पाठ एका अखंड कमानीसारखी दिसते, तर राणीची छाती उड्डाणाचे स्नायू सामावण्यासाठी भरदार झालेली, वरून अनेक फलकांनी जोडलेली आणि गळालेल्या पंखांचे व्रण दोन्ही अंगांस धारण करणारी असते. भिंगातून तिच्या डोक्यावर तीन साधे नेत्र दिसतील. मुंगळ्याच्या कामकऱ्यास ते नसतात. यानंतर कंबर पाहा: एकच गाठ असली पाहिजे. दोन गाठी आढळल्या, तर राणी कितीही थोर असो, ती दुसऱ्या उपकुळातली. छातीवर काटे असतील तर ती पॉलिऱ्हाकिस या निराळ्या प्रजातीची. पोटावर सोनेरी रेशमी लव असेल तर ती मुंगळ्यांचीच भावकी, पण कॅम्पोनोटस सेरिसिअस या निराळ्या जातीची. आणि आपल्याकडेच आढळणाऱ्या डायाकॅमा या काळ्या मुंगीत तर वेगळ्या घडणीची राणी मुळात नसतेच. कामकऱ्यांपैकीच एक अंडी घालते. हा तपशील तुझ्या वहीत नोंदला गेलाच पाहिजे, कारण निसर्गात एका जातीचा शिरस्ता दुसरीस लागू होतोच असे नाही.

राणी मिळाल्यावर नळीच्या तळाशी पाणी ठेवून ते कापसाने अडवावे, तोंडाशी दुसरा बोळा घालावा आणि नळी अंधारात ठेवावी. अन्न मुळीच घालू नये. ही राणी स्वतःस कोंडून घेते आणि आता निरुपयोगी झालेले पंखांचे स्नायू व देहातील मेद यांवर स्वतः जगून, मुखातील रसाने पहिल्या अळ्यांचे पोषण करते. हा एवढा एकच साठा तिच्यापाशी आहे, आणि रोज नळी हलवून तिला भयभीत करणारा माणूस तो साठा व्यर्थ खर्च करवितो. पुष्कळदा त्रासलेली राणी आपली अंडीच खाऊन टाकते. म्हणून आठवड्यातून एकदाच पाहावे. पुढे जे पांढरे, लांबट कोश दिसतील त्यांस लोक अंडी समजतात. ती अंडी नव्हेत, अळीने स्वतःभोवती विणलेले कवच होय.

पंख गळाले म्हणजे मीलन झालेच, असेही धरून चालू नकोस. मीलनाविना पंख टाकणाऱ्या राण्या असतात, आणि त्यांच्या अंड्यांतून केवळ नरच निपजतात. खुजे का होईना, कामकरी जन्मास येणे हाच अखेरचा पुरावा.

मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यातील रॉटन यांनी १८९२ साली बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आपल्या मुंग्यांवर लिहिले, आणि बिंगहॅम यांचा मुंग्यांवरील खंड १९०३ साली निघाला. तो खंड मिळाल्यास अवश्य वाच, परंतु आधी स्वतःचे टिपण लिही आणि मगच ग्रंथ उघड. एरवी डोळ्यांना जे दिसले नाही तेही दिसल्याचा भास होतो.

एकच राणी घे. बिळात शिरून ज्या राणीने दार लिंपून घेतले असेल, तिला उकरून काढू नकोस. सापडल्याचा दिवस, वेळ, पाऊस केव्हा पडला, आणि गाठ, नेत्र व व्रण यांविषयी जे पाहिलेस ते सारे मला लिहून धाड. ते टिपण येईपर्यंत तुझ्या राणीस कोणत्याही जातीचे नाव मी देणार नाही, आणि तूही देऊ नयेस.

तुझा,
मामा