ध्यानात राहीना, काय करावे?



या सदरात आम्ही नेहमी बेणे, खतांचे हप्ते, खोडवा, हुमणी यांविषयी लिहीत असतो. या खेपेचा विषय जरा निराळा वाटेल, पण तोही उसाच्या फडातूनच निघालेला आहे. शिवारफेरीला गेल्यावर आम्ही लागणीची तारीख विचारतो, तेव्हा बरीच मंडळी डोके खाजवतात आणि म्हणतात, "साहेब, हल्ली काय ध्यानातच राहत नाही बघा." दुसऱ्याला नावे ठेवण्यापूर्वी आमचीच एक चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी बाजाराच्या दिवशी एका सभासद बाईंनी रस्त्यात आमची मोटारसायकल थांबवली. त्यांची लागण पुष्य नक्षत्रातली, म्हणजे आडसाली. नोंदीत मात्र ती ऑक्टोबरची पडली होती. "तेवढं दुरुस्त करा," त्या म्हणाल्या. गाडी चालूच होती. "होय, करतो," म्हणून आम्ही पुढे निघालो. वाटेत आणखी दोघे-तिघे भेटले, आणि ऑफिसला पोहोचेपर्यंत बाईंचे काम डोक्यातून साफ गेले होते. हंगामात तोड आली ती कागदावरच्या महिन्याप्रमाणे, पूर्वहंगामी उसाबरोबर, जानेवारीच्या अखेरीस. तोवर तुरा येऊन गेला होता, पांगशा फुटल्या होत्या, ऊस पोकळ पडला होता. एकरी सहा-सात टनांचा तरी फटका बसला, आणि सोसायटीच्या कर्जाचे व्याज चढले ते वेगळेच. आम्ही बांधावर गेलो तेव्हा बाई एवढेच म्हणाल्या, "सायेब, तुम्ही हो म्हणाला, म्हणून मी पुन्यांदा आले न्हाई."

ते वाक्य मात्र आम्ही आजतागायत विसरलेलो नाही.

त्यानंतर स्मरणशक्ती या विषयावर मिळेल ते वाचले. वाचल्यावर पहिली गोष्ट कळली ती अशी, की आम्ही बाईंचे काम 'विसरलो' म्हणणे खरे तर चूकच आहे. ते काम डोक्यात शिरलेच नव्हते. एक कान त्यांच्याकडे, दुसरा इंजिनाकडे, मन ऑफिसातल्या मीटिंगकडे. दारे न फोडताच मोटर चालू केली तर सरीत पाणी येईल कसे? रोजच्या विसरण्यापैकी मोठा वाटा हा असाच असतो. किल्ली ठेवताना आपण बोलत होतो, म्हणून ती सापडत नाही. यात वयाचा दोष थोडा, लक्षाचा जास्त.

तेव्हापासून कोणी काही सांगितले की आम्ही गाडी बंद करतो आणि ऐकलेले त्यालाच परत म्हणून दाखवतो. "म्हणजे विहिरीकडचा तुकडा, लागण पुष्यातली, कागदावर ऑक्टोबर. बरोबर ना?" तोंडाने म्हटलेले ध्यानात राहायला सोपे जाते, आणि ऐकताना चूक झाली असेल तर तीही तिथेच सापडते. किल्ली खुंटीला अडकवताना "खुंटीला लावली" असे मोठ्याने म्हणून पाहा. घरचे हसतील, हसू द्यावे.

दुसरी गोष्ट आपल्या जुन्या माणसांना पक्की ठाऊक होती. सुटी गोष्ट राहत नाही, कशाला तरी बांधलेली राहते. त्या बाईंनी "२३ जुलै" म्हटले नव्हते, "पुष्यातली" म्हटले होते, आणि त्यांच्या तारखेत चूक नव्हती. चूक आमच्या कागदात होती! रोहिणी, मृग, आर्द्रा ही माळ लहानपणापासून पाठ असल्यामुळे तिच्यात नवा मणी ओवायला कष्ट पडत नाहीत. आडसाली लागणीचा काळ १५ जुलै ते ३१ ऑगस्ट, म्हणजे साधारण पुष्य, आश्लेषा आणि मघा. असे सांगितले की पुन्हा सांगावे लागत नाही.

नत्राच्या हप्त्यांचेही तसेच. लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी पुन्हा १०, आणि मोठ्या बांधणीला ४०. चार निरनिराळे आकडे म्हणून घोकले तर गोंधळ होतो. 'दहा-चाळीस, दहा-चाळीस' असे पाढ्याच्या चालीवर म्हटले की चाराचे दोन झाले. डोक्यात एका वेळी सुट्या गोष्टी फार थोड्या मावतात. अमेरिकेतील जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली त्या सातच्या आसपास सांगितल्या, पुढच्या अभ्यासकांनी तर चारवरच आणल्या. त्यामुळे गठ्ठे बांधून ठेवावे. मोबाईलचे दहा आकडे आपण पाच-पाचच्या तुकड्यांत म्हणतो, ते याचसाठी.

बाजारातून आणायच्या जिनसांसाठी एक जुनी युक्ती आहे. प्राचीन ग्रीक व रोमन वक्ते ती भाषण पाठ करण्यासाठी वापरीत. ओळखीच्या वाटेवर, एकेका ठिकाणी, एकेक वस्तू मनात मांडायची. आपल्याला रानाची वाट आहेच. मोटरीच्या पेटीवर पोटॅशचे पोते बसवा, पाटाच्या दाऱ्यात तुरीची डाळ वाहू द्या, बांधावरच्या आंब्याला फवारणी पंपाचे वॉशर लटकवा, गोठ्यात म्हशीच्या शिंगाला नवी चप्पल अडकवा. चित्र जितके वेडगळ तितके घट्ट बसते. बाजारात उभे राहून मनातल्या मनात मोटरीपासून गोठ्यापर्यंत चालत या. आम्ही प्रथम हे थट्टेवारी नेले होते, पण आता आठ-दहा जिनसा चिठ्ठीशिवाय आणतो.

आता खरी मेहनतीची बाब. जर्मनीतील एबिंगहाऊस या संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली पुस्तक लिहिले. अर्थ नसलेली अक्षरे तो पाठ करी आणि ठरावीक वेळाने किती उरले ते तपासी. तासाभरात निम्म्याहून जास्त धुपून जाई, आणि पुढे धूप मंदावे. पहिल्या पावसात माती जास्त वाहते, तसेच हे. म्हणून बांध लवकर घालायचा. ऐकलेली गोष्ट तासाभरात एकदा, रात्री निजताना एकदा, दोन-तीन दिवसांनी आणि मग आठवड्याने आठवून पाहायची. आठवून पाहायची, वाचायची नव्हे! अमेरिकेतच २००६ साली विद्यार्थ्यांवर झालेल्या एका प्रयोगात पुन:पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुढे होते, पण आठवड्यानंतर न पाहता आठवण्याचा सराव केलेले पुढे गेले. चर्चासत्रात कागद वाटले की ते घडी घालून खिशात जातात. त्याऐवजी घरी परतताना एस.टी.त बसून "आज काय काय सांगितले?" असे स्वतःला विचारावे, आणि अडेल तिथेच घडी उघडावी.

पुढे करायच्या कामांची युक्ती आणखी वेगळी. "उद्या गोळ्या आणायच्या" असे नुसते ठरवले की ते हटकून राहते. "एस.टी. स्टँडवर उतरलो की आधी औषधाचे दुकान" असे ठिकाणाला जोडून ठरवावे. ठिकाण दिसले की काम आठवते. रक्तदाबाची रोजची गोळी चूळ भरण्याला जोडावी, आणि पाकिटावर वार लिहावा, म्हणजे 'घेतली की नाही' या शंकेने दोनदा घेतली जाणार नाही.

मात्र काही गोष्टी डोक्यावर सोपवूच नयेत. लागणीची तारीख, उसाची जात, खताचा हप्ता, तणनाशक मारल्याचा दिवस. बापाने सकाळी युरिया टाकला आणि मुलाने दुसऱ्या दिवशी त्याच तुकड्यात पुन्हा टाकला, असे आम्ही पाहिले आहे. गोठ्याच्या दारामागे खडूने लिहून ठेवले असते तरी पोते वाचले असते. लागणीचा फोटो मोबाईलवर काढला तर तारीख आपोआप राहते, तेही चालेल. लिहून ठेवणे हा कमीपणा समजणारी मंडळी आहेत, त्यांचे आम्हांला नवल वाटते.

शरीराविषयी थोडे. झोपेत मेंदू दिवसाचे शिकलेले बसवून घेतो. ज्यांना रात्रपाळीच्या विजेमुळे दाऱ्यावर जागावे लागते, त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी झोप काढावी आणि त्या दिवशी पैशाचा मोठा व्यवहार टाळावा. दारूने स्मरण बिघडते, हे वेगळे सांगायला नको. शुद्ध शाकाहारी माणसांत, म्हणजे आपल्या माळकरी मंडळींतही, बी-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकते. ते कमी झाले किंवा थायरॉईड मंदावले तरी विसराळूपणा येतो. दोन्ही रक्ततपासणीत कळतात आणि उपचाराने सुधारतात. ऐकू कमी येत असेल तर कानही तपासून घ्यावेत. न ऐकलेले ध्यानात राहील कसे? बाजारात मिळणाऱ्या 'स्मरणशक्तीच्या' बाटल्यांवर पैसे घालवण्यापेक्षा ही तपासणी करावी.

चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वेगळे. पण घरातले मोठे माणूस रोजच्या रानाची वाट चुकू लागले, तोच प्रश्न घटकाभरात चार वेळा विचारू लागले, पैशाचा हिशेब अचानक जमेनासा झाला, तर 'म्हातारपण आहे' म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांना दाखवावे.

आम्ही आता खिशात एक वही बाळगतो. तिच्या पहिल्या पानावर फक्त दुरुस्त्या असतात. ज्या सभासदांनी आम्हांला वाटेत, बाजारात, लग्नात काही सांगितले असेल आणि ते अद्याप झाले नसेल, त्यांनी संकोच न धरता पुन्हा सांगावे. लागणीच्या नोंदीबाबत असल्यास पावती घेऊन गट ऑफिसला यावे, आपल्यासमोर वहीत लिहायला लावावे आणि लिहिलेले वाचून दाखवायला सांगावे.